कच्चा लिंबू आणि सहापैकी तीन बॉल

‘पोट्टा चांगला आहे, पण अजून कच्चा आहे.’ सिलेक्शनच्या दिवशी मैदानाच्या कडेला हे वाक्य ऐकू आलं की समजून जायचं, पोट्ट्याचं नाव यादीत नाही. वाक्यात ‘अजून’ आहे, म्हणजे पुढे कधीतरी पिकेल अशी आशा आहे. पण तो पिकणार कुठे, कोणाच्या हाताखाली, आणि तोवर त्याच्या बुटांचा, दूध-अंड्यांचा खर्च कोण करणार, हे कोणी सांगत नाही. तो घरी जातो. पुढच्या वर्षी येतच नाही. मग आपण म्हणतो, आजकालच्या पोरांत पेशन्स नाही.

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. पेशन्स पोरांत भरपूर आहे, तो निवडणाऱ्यांत नाही. खोटं वाटत असेल तर कुठल्याही दिवशी पहाटे पाचला भंडाऱ्याच्या, साकोलीच्या, तुमसरच्या रस्त्यावर या. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी अंधारात धावत असतात. जाहिरात कधी निघेल ते माहीत नाही, जागा किती असतील ते माहीत नाही, तरी धावतात. कोणी दोन वर्षं, कोणी चार. आणि त्या सगळ्याचा हिशेब एका सकाळी होतो. मुलांना १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. त्या दिवशी पोटात दुखत असेल तर विषय संपला. भरतीचं मी समजू शकते. हजारो उमेदवारांना एका मापात मोजायचं तर दुसरा मार्ग नाही, आणि खात्याला तयार माणूस हवा असतो. प्रॉब्लेम असा की आपण खेळाचं सिलेक्शनसुद्धा भरतीसारखंच करतो. एक दिवस, एक ट्रायल, एक शिट्टी. तयार असेल तो आत, कच्चा असेल तो बाहेर.

गंमत म्हणजे लहानपणी आपण यापेक्षा शहाणे होतो. गल्लीत खेळताना एखादं छोटं पोर मागे लागलं तर त्याला हाकलायचो नाही, ‘कच्चा लिंबू’ म्हणून घ्यायचो. आउट झालं तरी आउट नाही, पण खेळात आहे. दोन उन्हाळे असा खेळला की तिसऱ्या उन्हाळ्यात तोच आपल्याला आउट करायचा. जगातल्या मोठमोठ्या लीग आज कोट्यवधी रुपये ओतून जे करतात, ते हेच. कच्च्या लिंबासाठी जागा ठेवणं.

आता उमेश यादव. नाव सगळ्यांना माहीत आहे, पण गोष्ट अर्धीच माहीत असते. ‘कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा भारताकडून खेळला’ एवढं भाषणात येतं, टाळ्या पडतात. त्यात खरी गंमत सुटून जाते. नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या बाजूला वलनी आहे, वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणीची वस्ती. तिथं वाढलेला हा मुलगा विशी गाठेपर्यंत टेनिस बॉलवरच खेळत होता. आधी सैन्यात जायचा प्रयत्न केला, जमलं नाही. पोलिसात प्रयत्न केला, तेही जमलं नाही. म्हणजे पहाटे धावणाऱ्या आपल्याच पोरांपैकी तो एक. मग नागपुरात क्लबकडून लेदर बॉल हातात आला. ज्या वयात आजची पोरं ‘आता उशीर झाला’ म्हणून किट विकायला काढतात, त्या वयात याने सुरुवात केली.

तेव्हा विदर्भाचे कर्णधार होते प्रीतम गंधे. त्यांनी उमेशला रणजी संघात घ्यायचा आग्रह धरला. त्यांनी नंतर याबद्दल जे सांगितलं, ते मला या सगळ्या विषयाचं सार वाटतं. त्यांच्या सांगण्याचा अर्थ असा, की पोरगा कच्चा होता, बॉल कुठेही जायचा, पण वेग भयंकर होता. सहापैकी तीन बॉल जरी स्टंपच्या रेषेत टाकले तरी हा बॅट्समनला त्रास देईल.

सहापैकी तीन! जरा विचार करा. आपल्याकडचा कुठला कोच असं बोलतो? तो उरलेले तीन मोजतो. ‘ओव्हरला तीन वाईड टाकतो, याला कसं घेऊ?’ गंधेंनी काय जमत नाही ते पाहिलं नाही असं नाही, ते तर उघड दिसतच होतं. पण जे शिकवता येत नाही ते याच्याकडे आधीच आहे आणि जे नाही ते शिकवता येईल, हा फरक त्यांनी केला. वेग विकत मिळत नाही. लाइन-लेंथ मेहनतीने येते. आणि त्यांनी माप ठरवलं, तेही सहापैकी सहाचं नाही, सहापैकी तीनचं. पहिल्या वर्षीच्या पोराकडून शेवटच्या वर्षाचा निकाल मागितला नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये मध्य प्रदेशविरुद्ध उमेश पहिला रणजी सामना खेळला. त्या मोसमात चार सामन्यांत २० विकेट घेतल्या. मे २०१० मध्ये झिम्बाब्वेत पहिला वनडे. नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी, आणि विदर्भाकडून खेळणारा पहिला कसोटीपटू म्हणून नाव. इथं सिनेमा संपतो. पण खरी धीराची परीक्षा इथून पुढे होती. पर्थला २०१२ मध्ये एका डावात पाच विकेट घेतल्या, पण रन पण धो-धो जायचे. दुखापतीने बाहेर गेला. आत-बाहेर, आत-बाहेर. २०१५ च्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून सर्वाधिक १८ विकेट त्याच्या, तरी लोक म्हणायचेच, ‘महागडा आहे.’ मग आला २०१६-१७ चा मोसम. भारत घरच्या मैदानावर १३ कसोटी खेळला, त्यातल्या १२ मध्ये उमेश होता. सलग खेळायला मिळाल्यावर काय झालं ते ऑस्ट्रेलियाला विचारा. फिरकीच्या पिचवर चार कसोटीत १७ विकेट. रणजी पदार्पणापासून मोजलं तर ही पिकायची प्रक्रिया आठ-नऊ वर्षं चालली. शेवटी ५७ कसोटीत १७० विकेट. झहीर किंवा बुमराहच्या रांगेत त्याला कोणी बसवणार नाही, मीही बसवत नाही. पण सहापैकी तीन बॉल सरळ टाकणाऱ्या पोरासाठी हा आकडा काही छोटा नाही.

या गोष्टीत एक अवघड बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. विदर्भ तेव्हा रणजीत प्लेट गटात होता. जिंकण्यासारखं फार नव्हतं, म्हणून गमावण्यासारखंही फार नव्हतं. कच्च्या बॉलरवर डाव लावायला त्यांना परवडत होतं. तेव्हाच्या मुंबई संघात हा पोरगा असता तर नेट बॉलर म्हणून दोन वर्षं घासला गेला असता, असं मला वाटतं. म्हणजे कमकुवत संघाकडे एक गोष्ट असते जी तगड्या संघाकडे नसते, ती म्हणजे वेळ. भंडाऱ्याच्या कुठल्याही संघाने हे वाचून जरा खुश व्हायला हरकत नाही.

विदर्भाने ती वेळ वाया घालवली नाही. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या संघाने पहिलं विजेतेपद २०१७-१८ ला घेतलं, दुसरं लगेच पुढच्या वर्षी, तिसरं २०२४-२५ ला. या तिसऱ्या वेळी हर्ष दुबेने एका मोसमात ६९ विकेट घेऊन रणजीचा विक्रम मोडला. वय २२. म्हणजे माझ्याएवढा. (मी या वयात बातमीचा इंट्रो तीनदा परत लिहिते, ते सोडा.) फायनलमध्ये दीडशतक ठोकणारा दानिश मालेवार तर २१ चा. ही पोरं आभाळातून पडली नाहीत. लहानपणापासून वयोगटांच्या संघांत खेळत, कच्ची असताना हरत, ती वर आली.

‘पण क्रिकेटचं वेगळं आहे, तिथं पैसा आहे,’ असं तुम्ही म्हणाल. बरं, मग आपल्या मातीतला खेळ घेऊ. दिवाळीनंतर धान निघालं, मंडया सुरू झाल्या की आपल्या गावागावांत लाइट लावून कबड्डीचे सामने होतात. तिथं एखादा किरकोळ अंगाचा पोट्टा तीन जणांना लोळवून रेषेपर्यंत हात पुरवतो, तेव्हा सगळ्या गावाला वाटतं की हा प्रो कबड्डीत जाणार. आणि प्रो कबड्डीचा ऑक्शन टीव्हीवर पाहताना आपण फक्त कोटींचे आकडे पाहतो.

दहाव्या सीझनचा ऑक्शन आठवा. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांहून जास्त देऊन घेतलं. तेव्हा संघाची सगळी थैलीच पाच कोटींची होती, म्हणजे अर्ध्याहून जास्त पैसा एका माणसावर. पवन भारी खेळाडू आहे, यात वादच नाही, आणि त्याने रेडमधले गुणही खोऱ्याने घेतले. पण टायटन्स २२ पैकी दोन सामने जिंकून तळाला राहिले. त्याच सीझनचे विजेते कोण? पुणेरी पलटण. कर्णधार अस्लम इनामदार, नगरचा. सोबत मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते, अबिनेश नादराजन, गौरव खत्री. यातली बरीच पोरं पलटणने मोठ्या बोलीत विकत घेतलेली नव्हती. ‘युवा पलटण’ नावाच्या त्यांच्या तयारीच्या संघातून आणि नवोदितांच्या गटातून आणून, सोबत ठेवून, त्यांना घडवलं होतं.

त्यांचा आलेख बघा. आठव्या सीझनमध्ये संघात राहुल चौधरी आणि नितीन तोमर अशी मोठी नावं होती, तरी हळूहळू रेडसाठी अस्लम आणि मोहितच उठू लागले. त्या वर्षी एलिमिनेटरमध्ये यूपी योद्धाकडून हरले. नवव्या सीझनमध्ये फायनल गाठली, जयपूरने ३३-२९ ने हरवलं. दहाव्यात १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणाला २८-२५ ने हरवून ट्रॉफी. तीन पायऱ्या, तीन वर्षं, बरीचशी तीच पोरं. मधल्या काळात अस्लम आणि आकाश हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये सुवर्णपदक पण घेऊन आले.

फक्त पोरांवर विसंबून पलटण जिंकली असं नाही, हेही सांगायला हवं. नवव्या सीझनला त्यांनी फझल अत्राचलीवर पैसा लावला, दहाव्याला शादलूवर २ कोटी ३५ लाख. पण दोघेही बचावपटू! मागची भिंत अनुभवी घेतली आणि पुढे कच्च्या रेडर्सना चुका करायला मोकळीक दिली. पोरगा रेडमध्ये पकडला गेला तरी सामना लगेच हातातून जाणार नाही, एवढी सोय करून ठेवली. माझ्या मते पेशन्स याला म्हणतात. ‘धीर धर रे बाबा’ म्हणून पाठीवर थाप मारणं सोपं आहे, त्याला पैसे पडत नाहीत. आणि अकराव्या सीझनला अस्लम दुखापतग्रस्त झाला, संघ प्लेऑफमध्येही गेला नाही, तेव्हा काय केलं? बाराव्याला पुन्हा त्याच्याच हातात संघ दिला. फायनलपर्यंत आले, दिल्लीकडून तीन गुणांनी हरले.

आता थोडं सातासमुद्रापार जाऊ, कारण कच्चा माल ओळखून पिकवायचा धंदा अमेरिकेने सगळ्यात शिस्तीत मांडलाय. तिथल्या फुटबॉलमध्ये (आपला नाही, अंडाकृती बॉलचा, हेल्मेटवाला) दरवर्षी ड्राफ्ट होतो. बोली नसते. ३२ संघ सात फेऱ्यांत आळीपाळीने खेळाडू निवडतात, आणि मागच्या वर्षी सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाचा नंबर सहसा पहिला. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने शेवटच्या फेरीत, २३३ व्या नंबरवर, जॉर्डन मायलाटा नावाच्या ऑस्ट्रेलियन मुलाला घेतलं. तो रग्बी खेळायचा. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना त्याने आयुष्यात खेळला नव्हता! अंगाने पहाड, पायाने चपळ, बाकी कोरी पाटी. लाइनचे कोच जेफ स्टाउटलँड यांनी त्याला उभं कसं राहायचं इथपासून शिकवलं. दोन पूर्ण सीझन तो एकाही अधिकृत सामन्यात उतरला नाही. पगार चालू, सराव चालू. २०२० मध्ये मैदानात आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच संघाकडून सुपर बोल जिंकला. हे कोणाच्या मोठ्या मनामुळे घडत नाही. तिथं मुख्य संघ ५३ जणांचा असतो, आणि त्याशिवाय ‘प्रॅक्टिस स्क्वॉड’ असतो. म्हणजे आपला कच्चा लिंबू, फक्त पगारी.

पण सगळेच मायलाटा होत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये ट्रे लान्स नावाच्या क्वार्टरबॅकसाठी पुढच्या वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी देऊन टाकल्या आणि त्याला तिसऱ्या नंबरवर घेतलं. आधीच कॉलेजमध्ये तो थोडकेच सामने खेळला होता. इथं दोन सीझनमध्ये सुरुवातीपासून खेळायला मिळाले फक्त चार सामने, त्यातल्या शेवटच्यात घोटा मोडला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याला चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. दोष नशिबाचा किती आणि संघाचा किती, यावर तिकडे अजून वाद चालतो. मला त्यात एवढं दिसतं, की ज्याला मुळात खेळायचाच सराव कमी आहे त्याला बसवून ठेवून तो पिकत नाही.

आपल्या जिल्ह्यात हे समजावून सांगायची गरज नसावी. पऱ्हे टाकले की दुसऱ्या दिवशी कोणी रोवणी करत नाही. वीस-पंचवीस दिवस जाऊ देतात. पण पाऊस लांबला आणि पऱ्हे तसेच चाळीस दिवस उभे राहिले तर? मग रोवले तरी फुटवे कमी येतात. आपल्या घरचे लोक हे हिशेब तोंडपाठ करतात. मैदानावर मात्र आपण एक तर उगवल्याबरोबर कापतो, नाही तर बेंचवर वाळवतो.

आणि आता त्यात वैभव सूर्यवंशीची भर पडली आहे. १४ व्या वर्षी आयपीएलमध्ये ३५ बॉलमध्ये शतक! बघताना मी पण ओरडले. पण तेव्हापासून प्रत्येक आई-बाप आणि प्रत्येक कोच १८ वर्षांच्या पोराकडे असं बघतो की जणू त्याची एक्स्पायरी डेट निघून गेली. सूर्यवंशी अपवाद आहे. आपल्या मैदानावर येणारी बहुतेक पोरं उमेशच्या जातकुळीची आहेत, उशिरा लेदर बॉल पाहणारी, मॅटवर पहिल्यांदा पाय ठेवला की घसरणारी. कारण गावात मॅटच नाही. माती आणि मॅट यात पायाची पकड वेगळी, बूट वेगळे, वळणं वेगळी. मातीवरचा राजा मॅटवर पहिले दोन महिने बावळटासारखा दिसणारच. आणि आपली ट्रायल असते एका दिवसाची.

मुलींच्या बाबतीत तर घड्याळ दुप्पट वेगाने पळतं. मुलगा कच्चा असेल तर घरचे एखादं वर्ष सोडतात, ‘खेळू दे’ म्हणतात. मुलगी कच्ची असेल तर पहिल्याच हरलेल्या टुर्नामेंटनंतर प्रश्न येतो, ‘आता अभ्यासाचं बघणार का?’ तिच्यासाठी दोन वर्षांचा धीर कोण धरणार? संघाने जर लेखी सांगितलं, की हिला आम्ही दोन वर्षांसाठी घेतोय आणि या-या गोष्टी शिकवणार, तर घरी बोलायला तिच्या हातात काहीतरी असेल. आता तिच्याकडे फक्त ‘कोच म्हणाले चांगली आहे’ एवढंच असतं, आणि त्यावर कुठलेच बाबा ऐकत नाहीत.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि तिला नवीन स्टेडियम लागत नाही. कबड्डीच्या संघात १२ जण असतात, मॅटवर सात. कॉलेजच्या संघात उरलेल्या पाचपैकी दोन जागा फर्स्ट इयरच्या कच्च्या पोरांसाठी ठरवून ठेवा. आंतरविद्यापीठ स्पर्धेला २५ वर्षांपर्यंत खेळता येतं. म्हणजे बी.ए. किंवा बी.कॉम.ला आलेल्या पोराकडे, पुढे एम.ए. केलं तर, पाच-सहा वर्षं आहेत. मायलाटाला दोन लागली, पलटणला तीन. मग फायनल इयरचा तयार गडी घ्यायचा, एक मेडल मारायचं, तो गेला की पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून, हा खेळ कशाला? आणि घेताना गंधेंसारखं माप सांगा. ‘या वर्षी तू दहा रेडपैकी चारमध्ये न पकडता परत ये, बास.’ पोराला कळू दे की त्याच्याकडून आज काय हवंय. दोन वर्षांनी तो सातपर्यंत पोचला नाही तर स्पष्ट सांगून मोकळं करा. त्यालाही भरतीची तयारी करायची असेल.

हरायची भीती वाटते, हे मान्य. नागपूरच्या मोठ्या कॉलेजांसमोर आधीच आपण पहिल्या-दुसऱ्या फेरीत बाहेर पडतो, त्यात कच्ची पोरं घेतली तर अजून वाईट हरू, असं कोचला वाटतं. पण पहिल्या फेरीत तयार पोरं घेऊन हरण्यात आणि कच्ची घेऊन हरण्यात, गुणपत्रकावर काय फरक पडतो?

यंदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची तुमच्या कॉलेजची यादी लागली की वरची सात नावं सोडा. शेवटची दोन कोणाची आहेत ते बघा, कोणत्या वर्षाला आहेत ते विचारा, आणि पहिल्या सामन्यात हातात घड्याळ धरून मोजा, ती किती मिनिटं मॅटवर होती.